दार वाजवण्याचा नियम

सचिव : हरकत पाठवणाऱ्या बाईंचं नुसतं आडनाव तुमच्यासारखं असतं तर मी तोंड उघडलं नसतं, मॅडम. पण पत्ताही ओळखीचा निघाला. वीज आयोगावर नेमणूक झाली तेव्हा तुम्ही कायमचा पत्ता म्हणून हाच दिला होता.

सदस्य : दाखवा.

सचिव : हरकत एका ओळीची आहे. ‘वीज तोडण्याआधी माणसाने येऊन दार वाजवावे, हा नियम काढू नये.’ खाली सही. कारण नाही, पुरावा नाही, ‘आपली विश्वासू’सुद्धा नाही.

सदस्य : सही आईचीच आहे. शेवटचं अक्षर असं कागदाबाहेर पळत जातं तिचं.

सचिव : तुम्हाला काहीच बोलल्या नाहीत त्या?

सदस्य : जेवलीस का विचारलं तर ‘झालं काहीतरी’ म्हणणारी बाई आहे ती.

सचिव : आता हरकतदार सदस्याची आई म्हटल्यावर तुम्हाला या प्रकरणात बसता येणार नाही.

सदस्य : नियम मला पाठ आहे.

सचिव : म्हणजे आयोगात उरले दोघे. एक अध्यक्ष, आणि दुसरे अध्यक्षांकडे बघून मान हलवणारे.

सदस्य : हे तुम्ही बोलायला नको.

सचिव : मी कुठे बोललो? आणि खरं सांगायचं तर फरक काय पडतो? वीज कंपनीला हा नियम नकोय, आणि मागच्या सुनावणीत तुमचंही मन तिच्याकडेच झुकलेलं दिसलं.

सदस्य : का झुकू नये? वीज तोडायला घरोघरी माणूस पाठवायचा, त्याचा पगार, त्याची गाडी, हा सगळा खर्च शेवटी प्रत्येकाच्या दरात बसतो. नवे मीटर कचेरीतल्या कचेरीत बंद करता येतात. माणूस जायचा थांबला तर तेवढा दर खाली येईल. वेळेवर बिल भरणाऱ्यानं दुसऱ्याच्या दारापर्यंतचा खर्च का सोसायचा?

सचिव : बरोबर आहे. तुमचं ते वाक्यही छान उतरलं. ‘संदेश पाठवला म्हणजे कळवलं.’ कंपनीच्या वकिलांनी लगेच टिपून घेतलं.

सदस्य : मी संध्याकाळी आईकडे जाऊन येते.

सचिव : जा की. पण या प्रकरणाबद्दल एक शब्द जरी निघाला, तर उद्या तो मला सांगायचा. पक्षकाराशी झालेलं बोलणं फायलीला लावावं लागतं, कुणालाही वाचता येईल असं.

(दुसरा दिवस. सचिवाची खोली. सदस्यबाई आदल्या संध्याकाळी आईशी झालेलं बोलणं सांगताहेत. तो लिहून घेतो आहे.)

आई : किल्ली आहे म्हणून असं वाऱ्यासारखं घुसायचं का घरात? केवढी दचकले मी.

लेक : आई, आयोगाकडे हरकत तू पाठवलीस?

आई : आधी टेक तरी. घामाघूम झालीयस.

लेक : तू पाठवलीस का?

आई : पाठवली. पोस्टानं, तिकीट लावून. कुणाच्या घरी चोरी केली का?

सचिव : एक मिनिट, मॅडम. ‘टेक तरी’, ‘घामाघूम’, हेही लिहू?

सदस्य : सगळं लिहा.

सचिव : नियम प्रकरणापुरतंच मागतो.

सदस्य : प्रकरण नेमकं कुठे सुरू झालं ते मलाच कळत नाहीये. म्हणून सगळं लिहा.

लेक : तुझ्या त्या एका ओळीपायी मला बाहेर बसावं लागणार आहे.

आई : बाहेर? का गं?

लेक : आईची हरकत आणि मुलीचा निवाडा, असं चालत नाही.

आई : मला काय ठाऊक तुमच्यात असं असतं! मला वाटलं, आपली लेक तिथे बसलीय, तर निदान वाचून तरी बघेल.

लेक : मग घरी सांगायचं ना मला.

आई : घरी असतेस कधी तू? फोनवर असतेस. मी म्हणते ‘बरी आहे’, तू म्हणतेस ‘बरं’. संपला कारभार.

लेक : आई, हरकत मागे घे.

सचिव : हे तुम्ही म्हणालात?

सदस्य : म्हणाले.

सचिव : मॅडम, आयोगाच्या सदस्यानं हरकतदाराला ‘हरकत मागे घे’ म्हणणं... हे पुढे जड जाईल.

सदस्य : म्हणाले तर म्हणाले. लिहा.

आई : नाही घेणार.

लेक : मग कारण तरी दे. कारण नसलेल्या हरकतीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आई : कारण कशाला हवं? माणसानं यावं, दार वाजवावं. एवढ्याला कसलं कारण?

लेक : तुझा काय संबंध पण? तुझी वीज कुणी तोडायला आलंय का कधी?

आई : सुनावणी ऐकली मी तुझी. मोबाइलवर दाखवतात ना, शेजारीण लावून देते. ‘संदेश पाठवला म्हणजे कळवलं.’ काय तो ठसका! शेजारीण माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, चहा टाकू का गं.

लेक : ती का बघायला लागली?

आई : काही नाही. सहज.

लेक : आई.

आई : थंडीत माझा पाय मुरगळला होता, आठवतंय?

लेक : जिन्यात.

आई : जिन्यात नाही, न्हाणीघरात. पडले ती उठताच येईना. फोन स्वयंपाकघरात. वाजत होता. तूच असणार, तुझीच वेळ ती. वाजून वाजून गप्प झाला बिचारा.

लेक : मला वाटलं, झोपली असशील.

आई : मीही तेच म्हटलं, तिला वाटलं असेल झोपलीय. मग नळाचा थेंब ऐकत पडले. बाहेर उजाडलं, तरी तशीच. आणि मग दार वाजलं.

लेक : कोण होतं?

आई : वीज तोडणारा. आता बघ, मीटर आमचे खाली, जिन्याच्या तोंडाशी. खालच्या खाली बंद करून गेला असता तर कोण विचारणार होतं? पण आधी दार वाजवायचं, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलायचं, असं त्यांना बांधून दिलेलं. म्हणून धापा टाकत वर आला. वाजवलं. मी आतून ओ दिली, पण आवाज कसला, मांजरीचा. जातोय आता, म्हटलं. तर त्यानं पुन्हा वाजवलं. कंटाळा नाही केला हो. मग दाराला कान लावला असणार. शेजारणीला हाक मारली, दोघांनी कडी उचकटली.

लेक : आणि मला कुणी कळवलं नाही!

आई : मीच शपथ घातली. उगाच तुझ्या डोक्याला घोर.

लेक : पण तो तोडायला का आला होता? तुझं बिल तर माझ्या खात्यातून आपोआप जातं.

आई : जाऊ दे आता ते. थकलेलं भरलं मी, आता महिन्याच्या महिन्याला शेजारीण भरून देते.

लेक : जाऊ दे काय? सांग.

आई : आपलेच दात, आपलेच ओठ. मला नाही बोलायचं त्यावर.

लेक : मी इथून हलणार नाही.

आई : लहानपणीही अशीच फतकल मारायचीस. त्यानं मला पलंगावर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाला, आजी, बिल थकलंय, तुम्हाला कितीतरी संदेश पाठवले. म्हटलं, कुठे पाठवलेस बाबा? त्यानं नंबर वाचून दाखवला. मी ऐकला, आणि म्हटलं, हो हो, माझाच नंबर तो.

सचिव : नंबर कुणाचा होता, मॅडम?

लेक : माझा.

सचिव : तुम्ही संदेश पाहिले नाहीत?

लेक : कंपनीचे सगळे नंबर मी माझ्या फोनवर बंद करून टाकलेत. सदस्य झाले त्याच दिवशी. पक्षकाराकडून आपल्याला काही येऊ नये, आलं तरी आपण वाचू नये, कानाला खडा. पुढे बँकेचं कार्ड बदललं, आपोआप भरणं थांबलं. थांबलंय हे सांगणारे संदेश त्याच नंबरांवरून येत होते.

सचिव : नंबर बंद करा असं तुम्हाला मीच सांगितलं होतं.

लेक : हो.

सचिव : याच खोलीत. पहिल्या दिवशी. वर म्हणालो होतो, मॅडम, आपण अंगाला काही लागू द्यायचं नाही.

लेक : तुमचं चुकलं नव्हतं.

सचिव : कुणाचंच चुकलं नाही, असंच दिसतंय. कंपनीनंही कळवलेलं.

लेक : आई खाली पडलेली.

सचिव : मॅडम, माझं ऐका. पेन खाली ठेवलंय बघा मी. इथून पुढचं नोंदीत नको. तुम्ही बाजूला होताय त्याला ‘नातेसंबंध’ एवढा शब्द पुरतो. हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? सख्ख्या आईच्या बिलाकडे हिचं लक्ष नाही, आणि ही सगळ्यांचे दर ठरवायला बसलीय. हात दाखवून अवलक्षण कशाला?

सदस्य : फायलीला लागलेलं अध्यक्षांना वाचावं लागतं ना?

सचिव : वाचावं लागतं. निकालात त्याला उत्तरही द्यावं लागतं. पटलं नाही तर का नाही पटलं, हे लिहावं लागतं.

सदस्य : आईची हरकत एका ओळीची का आहे, कळलं तुम्हाला?

सचिव : कळलं.

सदस्य : कारण दिलं की माझं नाव येतं. म्हणून ती मेली तरी कारण देणार नाही. मला मत देता येत नाही, साक्ष देता येत नाही. मग हे आत जायचं कसं? तुमच्या या नोंदीतूनच.

सचिव : त्यांना विचारलंत?

सदस्य : नाही.

सचिव : म्हणजे त्यांनी तुमच्यासाठी झाकलेलं तुम्ही त्यांना न विचारता उघडणार.

सदस्य : हो.

सचिव : आणि एवढं करून अध्यक्ष नियम काढणारच आहेत. कंपनीचा हिशेब चोख आहे, मॅडम.

सदस्य : चोखच आहे. मीच तपासलाय तो. त्यात न्हाणीघर कुठेच नव्हतं. उचला पेन.

*

आई : केवढी कचेरी ही! आणि दाराबाहेर बसायला हे एवढंसं बाकडं. तू आत सुनावणीला नाही का जायचंस?

लेक : नाही. मी आज इथेच.

आई : शेजारणीनं वाचून दाखवली मला तुझी ती नोंद.

लेक : रागावलीस?

आई : माझ्या न्हाणीघरात सगळी दुनिया शिरली. रागावू नको तर काय ओवाळू तुला?

लेक : मला दुसरा मार्ग दिसला नाही.

आई : मांजरीचा आवाजसुद्धा घातलास.

लेक : तूच म्हणालीस.

आई : तुला म्हणाले. कचेरीला नाही. आणि त्या माणसाला मी सांगितलं होतं, नंबर माझाच म्हणून. जन्मात परक्याशी खोटं बोलले नाही, एकदाच बोलले, तेही फुकट घालवलंस.

लेक : चुकलंच माझं.

आई : कुठलं? बिलाचं, का नोंदीचं?

लेक : नोंदीचं नाही.

आई : मग नीट सांग की तसं. तिथे काहीबाही विचारतील मला. काय बोलू?

लेक : ते मला सांगता येत नाही, आई.

आई : बरं, नको सांगू. ही पिशवी धर. पण एक सांग. मी ती ओळ पाठवलीच नसती, तर तू आज आत काय म्हणाली असतीस?

लेक : नियम काढा, म्हणाले असते.

आई : आणि मग?

लेक : मग काय. संध्याकाळी तुला फोन केला असता.

आई : मी म्हटलं असतं, बरी आहे.

लेक : हो.

आई : डोळे पूस. लोक बघतायत. सदस्य ना तू?

सचिव : आजी, तुमचं नाव पुकारलंय. चला.

आई : चष्मा दे गं. अहो, आतले लोक कसे आहेत?

सचिव : घाईत आहेत. थोडक्यात बोला.

आई : थोडक्यातच लिहिलं होतं मी.

सचिव : अहो आजी, वाजवताय कशाला? दार उघडंच आहे. सरळ आत जा.

आई : दिसतंय मला. आतून कुणी ओ देतंय का, ते बघते.