समजले

(आराखडा विभागातली तपासनीस ताई आणि तिच्याच हाताखाली शिकून प्रमुख झालेला तो.)

ताई : ...म्हणून आराखड्यातली ती तार मी काढून टाकली.

प्रमुख : कुणाला न विचारता?

ताई : बत्तीस वर्षं प्रोसेसरचे आराखडे तपासतेय, विचारायचं कुणाला? तूच बघ. जायचं शेजारच्या घरात, आणि ही बया अख्ख्या चिपला वळसा घालून येते. माणसानं आखली असती, तर त्याला पुन्हा आखायला बसवलं असतं.

प्रमुख : माणसानं नाहीच आखली. या नव्या पिढीच्या प्रोसेसरचा सगळा आराखडा प्रोग्रॅमनं केलाय. बरं, काढून टाकल्यावर काय झालं?

ताई : संगणकावरच्या चाचणीत सगळं ठप्प. परत जोडली, तर झक्क चालू.

प्रमुख : म्हणजे ती लागते.

ताई : का लागते? अकरा दिवस डोळे फोडले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे गेले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, आम्हालाही सांगता येत नाही. आपल्या विभागात तू घेतलेल्या गणितवालीला दाखवलं. आधी हसली, मग कागद परत माझ्या हातात दिला.

प्रमुख : ताई, वेग दुप्पट आहे, वीज निम्मी. एकूण एक चाचणी पास झालीय.

ताई : आपल्याला सुचल्या त्या चाचण्या. जे सुचलंच नाही त्याचं काय? श्वास देणाऱ्या यंत्रांत बसणार ना हा?

प्रमुख : पहिला माल तिथेच जातोय.

ताई : मग थोडा थांब. इतक्यात कारखान्याकडे पाठवू नकोस.

प्रमुख : काल वर जाऊन तेच मागितलं. एक महिना द्या म्हटलं. ते म्हणाले, महिन्यानं तरी तुझ्या ताईंना कळेल का?

ताई : तू काय सांगितलंस?

प्रमुख : तुम्हीच सांगा, काय सांगायला हवं होतं?

ताई : ...नाही. नाही कळायचं मला.

प्रमुख : तुम्ही सही केली नाहीत, तर पलीकडच्या विभागातला कुणीतरी करेल. त्यानं आराखडा उघडूनही पाहिलेला नसेल. निदान तुम्ही पाहिलाय.

ताई : आण तो कागद. इथे 'तपासले व समजले' असं छापलंय. 'समजले' खोडू?

प्रमुख : खाडाखोड असली तर कारखाना घेत नाही.

ताई : बरं. तू जरा बाहेर जाऊन उभा राहा. तुझ्यादेखत माझ्याच्यानं व्हायचं नाही.