काट्यावरच्या दोन तारा

आता ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा! बोर्डातली पिन काढली... व्हय, काढली! पण त्या एका पिनीवर अख्खा साखर कारखाना टांगलाय, असं कुणी लिवून ठेवलं हुतं का तिथं?

तुमास्नी सांगते, आमचं हे कराडजवळच्या एका कारखान्यात कंप्युटर बघत्यात. तीन वर्सं झाली, अजून टेंपरवारी. काट्यावर उसाची गाडी चढली की वजन तारेतनं सर्व्हरला जातंय, मग पावती निघती. गेल्या हंगामात ती तार उंदरानं कुरतडली आन् काटा दोन तास बंद! म्हणून औंदा ह्यांनी सर्व्हरला दोन तारा जोडल्या आन् दोन्हींची मिळून एकच केली. काम दोघी वाटून घेणार, पण सर्व्हरला वाटणार एकच हाय. कारखान्याचं भरतेश साहेब म्हणालं, "धनाजी, हंगामाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी सगळ्यांम्होरं दाखव. जमलं तर कायम करायचा कागद तिथंच सही करतो."

झालं! महिनाभर घरात एकच जप. ताटावर बसलं तरी, "अगं, एक गेली तरी दुसरी हाय!" आन् वर मलाच हसायचं! का, तर मी शिवांजलीला दोन टोपडी घालते, पिशवीत दोन बाटल्या, दोन थर्मामीटर... आवं, दीड वर्साचं लेकरू, छाती सारखी घरघरती, माझा जीव काय दगडाचा हाय? तुमच्या दोन तारा ती हुशारी, आन् माझ्या दोन बाटल्या त्यो येडेपणा?

मोळीच्या दिवशी हे मला म्हणालं, "चल, सर्व्हरला हळदीकुंकू तूच लाव." लावलं, करंट बसंल म्हणून लांबनंच लावलं. बाहेर चाळीस ट्रॅक्टर, आत साहेब, संचालक, त्यांच्या मिशा! ह्यांनी एक तार उपसली... पावती निघाली! ती परत लावली, दुसरी उपसली... पावती निघाली! टाळ्या! साहेब खिशातनं कागद काढत म्हणालं, "शाब्बास, एक गेली तरी दुसरी हाय!"

आन् तेवढ्यात शिवांजली घरघराय लागली की वो! एसीची खोली, नुसता बर्फ! वाफेचं मशीन पिशवीत हुतंच, पण बोर्डात जागा कुठाय? सर्व्हरची पिन काढाय मी काय खुळी हाय? खाली कोपऱ्यात एक काळा डबा लुकलुकत हुता. म्हटलं, मोळीची लायटिंग आसंल... त्याची काढली. वाफ सुरू झाली, लेकरू शांत झालं... आन् काटाबी शांत झाला!

अगं आई गं! पावती न्हाई, वजन न्हाई, बाहेर चाळीस हॉर्न! हे एक तार हलवत्यात, दुसरी हलवत्यात, मग तारांच्या मागनं मागनं रांगत... थेट माझ्या पायापतूर! काट्याचं वजन त्या काळ्या डब्यातनंच सर्व्हरला जायचं, आन् दोन्ही तारा त्या एकाच डब्यात! मी हबकलेच! महिनाभर मला हसणारा माणूस, आन् ह्याच्या दोन्ही बाटल्या एकाच फाटक्या पिशवीत?

साहेबांनी कागद घडी घालून परत खिशात ठेवला. "धनाजी, दुसऱ्या तारेला दुसरा डबा घे, त्यो दुसऱ्या बोर्डावर लाव. आन् सोमवारी वहिनींस्नी आण. त्यांनी पिनी काढून बघितल्याबिगार मी सही करायचो न्हाई!"

ऐकलं? सातवी शिकलेली मी, आन् कारखान्यात जायचंय, पिनी उपटाय! सकाळधरनं हे मागं मागं, "जपून काढ गं, बाई." म्हटलं, भेता कशाला, एक गेली तरी दुसरी... आन् तिथंच जीभ चावली. नोकरी तेवढी आमच्याकडं एकच हाय की वो!