हातावर ठेवलेला डॉलर

—नको, नको, ते पांढरे हातमोजे काढ आधी. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या नवऱ्याच्या डॉलरला हातमोजे घालून हात लावणार तू? कळतंय रे मला, बोटांचा घाम लागतो, चांदीवर डाग पडतो—सुहासनं सगळं सांगितलंय. पोरगा माझाच, पन्नाशी उलटली तरी मलाच शिकवतो. तू ही नाणी विकत घ्यायला मिल्टन कीन्सहून गाडी घेऊन आलास, पार्किंगसाठी वेम्बलीभर फिरलास, चहासुद्धा अजून प्यायला नाहीस, आणि बॅगेतून पहिलं काय काढलंस? हातमोजे! उदय ना नाव तुझं? बस, उदय पुरे. आडनाव मी कुणाचं विचारत नाही.

हे तीन बघ. प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, वर चिठ्ठी. मला अक्षर येत नाही, पण आकडे ओळखते—पासष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट. सत्तरपैकी म्हणे. मी शाळेची पायरी चढले नाही आणि माझ्या डॉलरांना बघ कसे मार्क! सुहासनं अमेरिकेला पाठवले, तिथल्या लोकांनी भिंगातून तपासले, नंबर दिला आणि कोंडून टाकले. का? तर कुणाचा हात लागू नये. हात लागला की किंमत जाते—असं माझा मुलगा मला सांगतो. मला!

चौथा कुठाय, हेच विचारायचंय ना तुला? फोटोत चार होते, माहितीये. सांगते की. आधी ऐक.

सुहासचे वडील, सुखदेव, मुंबईहून मालाच्या जहाजावर जायचे. काम कसलं? झाडलोट आणि संडास धुणं, आमच्या माणसाला दुसरं कोण देतंय. बासष्ट साल. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरले, एका म्हाताऱ्या गोऱ्याच्या दुकानात साबणाची वडी घेतली, नोट दिली. त्यानं उरलेल्या पैशांत हा चौथा, म्हणजे आमचा पहिला, डॉलर दिला—एवढा मोठा, चांदीचा, वर किरणांचा मुकुट घातलेली बाई, मागं गरुड—आणि दिला कसा? यांचा हात धरून तळव्यावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. त्याची बोटं लागली यांना. आमच्या गावच्या दुकानात आपला पैसा उंबऱ्यावर ठेवायचा, दुकानदार पाणी शिंपडून उचलायचा, आणि सुटे वरून टाकायचा—असे, टपटप. घरंगळले तर शोध मातीत. हे जहाजापर्यंत मूठ न उघडता चालत गेले. पुढच्या खेपांना बँकेच्या खिडकीवर मागून अजून तीन आणले, नवेकोरे, ते मलमलीत गुंडाळून डब्यात राहिले. म्हणून तर त्यांना मार्क! काही भोगलंच नाही त्यांनी.

पण पहिला कधी डब्यात राहिला नाही. दर चौदा एप्रिलला मी तो दंतमंजनानं घासायचे, आरशासारखा. मग घरातल्या एकानं तो दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, असा सगळ्यांकडे फिरायचा. मांडायचा नाही, टाकायचा नाही, हातावरच ठेवायचा. नात, अन्वी, दुधाच्या दातांची होती तेव्हापासून ठेवते. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला पोलिश माणूस होता, त्याच्याही हातावर ठेवला, बिचारा समजला की टिप मिळाली! त्या बाईचा गाल झिजला बघ एवढ्या हातांनी.

तोही त्या तिघांसारखा डबीत बंद होऊन अमेरिकेहून परत आला, तर चिठ्ठीवर नंबरच नाही. अन्वीनं वाचून दाखवलं—‘क्लीन्ड’. म्हणजे घासून बिघडवलेला. सुहास म्हणाला, “आई, साठ वर्षं घासून घासून वाटोळं केलंस.” मी म्हटलं, तुला पण मीच घासून आंघोळी घातल्यात, तुझं काय वाटोळं झालं? पण यंदाच्या चौदा एप्रिलला अन्वीनं माझ्या हातावर काय ठेवलं? डबी. गार, गुळगुळीत. आत तो, बाहेर मी. दुसऱ्या दिवशी सुहास ऑफिसला गेला आणि मी वरवंटा काढला. हो, मीच फोडली! तीन घावांत. सुहासला अजून पत्ता नाही, त्याला वाटतंय ड्रॉवरमध्ये आहे. सांग जा हवं तर. मला काय भीती आहे त्याची?

हा बघ, बटव्यात असतो माझ्या.

या डॉलरनं घरात पहिला हात कुणाचा बघितला माहितीये, हे जहाजावरून आल्यावर? माझा. म्हणाले, विमल, हात पुढे कर. आणि मी—मी पदर पसरला. नवऱ्यापुढे. अठरा वर्षांची होते, कुणी पैसा द्यायला लागलं की पदर पसरायचा, वरून पडतो तो झेलायचा, एवढंच अंगात भिनलेलं. यांनी पदराची टोकं माझ्या मुठीतून सोडवली. एकेक बोट. मग तळवा उघडून...

सुहासला हे माहीत नाही. अन्वीलाही नाही. तुला कशाला सांगत बसले मी?

हात कर पुढे. उघडा, तसाच. हं. जड आहे ना? जरा वेळ राहू दे. घाम लागला तर लागू दे त्याला.

बास. दे आता परत. अंहं, टेबलावर नको. इथे. माझ्या हातावर.

हां.

ते तीन घेऊन जा, तुझं आणि सुहासचं काय ठरलंय ते तुम्ही बघा. हा विकायचा नाही. संध्याकाळी येऊ दे त्याला, त्याच्याही हातावर ठेवते आणि सांगते. तू नीघ आता, ट्रॅफिक लागेल. आणि ते हातमोजे विसरशील—घेऊन जा, माझ्या घरात त्यांचं काही काम नाही.