चौदा बोल्ट

(काँक्रीटचं उघडं जोतं. परवापर्यंत यावर मावशीचं लाकडी घर होतं. हवामान खात्याच्या मॅडम टेप घेऊन वाकल्यात. बाजूला सुतार बाबा आणि त्याची मुलगी.)

मुलगी : दोन? फक्त दोन?

मॅडम : अजून लिहिलं नाहीये. बहुतेक दोन, असं म्हटलं.

मुलगी : पाचपैकी दोन. मला शाळेत एवढेच पडायचे, म्हणून सोडली शाळा. पण इथे अख्खं घर उडालंय, मॅडम. मावशी कपाटासकट रस्त्यापलीकडे सापडली. कंबर मोडलीये तिची.

बाबा : हळू बोल. त्यांचं कामच आहे ते.

मुलगी : कसलं काम? टोर्नेडो परवा येऊन गेला, ह्या आज टेप घेऊन आल्यात. वारा मोजायचा तर तेव्हाच मोजायचा ना.

मॅडम : तेव्हा मोजणारं यंत्रच उडून गेलं असतं. म्हणून तर पन्नासेक वर्षांपूर्वी ही पद्धत निघाली. वारा गेला की त्याच्या मागून चालत जायचं, काय काय मोडलंय ते बघायचं आणि त्यावरून जोर ठरवायचा. शून्य ते पाच. त्याआधीच्या टोर्नेडोंना तर जुन्या पेपरांतले फोटो, बातम्या बघून आकडे दिले.

मुलगी : आणि मोकळ्या माळावर आला, काहीच मोडलं नाही, तर?

मॅडम : तर मोठा असला तरी आकडा लहान पडतो. नाहीतर देताच येत नाही.

मुलगी : म्हणजे तुम्ही वारा मोजतच नाही. घर मोजता.

मॅडम : हं. घर मोजते.

मुलगी : मग घर तर पूर्ण गेलंय. पाच द्या. बाबा, माझं काही चुकतंय का?

बाबा : मी काल हॉस्पिटलात मावशीला पाचच सांगितलंय. म्हटलं, यात कुणाचंच घर टिकलं नसतं. तेव्हा कुठे झोपली ती.

मॅडम : घर तुम्ही बांधलं होतं, मिस्त्री?

बाबा : मेहुणीचं घर दुसऱ्याला कशाला बांधू देईन? मी आणि ही. दोन वर्षं झाली.

मॅडम : शेजारच्यांच्या छपराचे चार पत्रे गेलेत. खिडक्यासुद्धा शाबूत.

मुलगी : वारा काय रांगेत चालतो?

मॅडम : नाही चालत. म्हणून मी हे बघते. हा बोल्ट. यावर भिंतीची खालची फळी बसते, वरून नट. बरोबर?

बाबा : चौदा बोल्ट, चौदा नट.

मॅडम : नट असताना वाऱ्याने फळी ओढून नेली असती तर बोल्ट वाकला असता, नाहीतर नटाखाली लाकडाचा तुकडा राहिला असता. हा सरळ उभा आहे. आटे बघा, कोरे.

मुलगी : एखादा राहिला असेल.

मॅडम : चौदाही बघितले.

बाबा : छे, नट लावलेत. हिनेच लावले. हिला सांगूनच मी घरी गेलो होतो.

मुलगी : त्या दिवशी आपलं भांडण झालं होतं, बाबा. मी हातोडा टाकून निघून गेले. मला वाटलं, सकाळी तू लावशील.

बाबा : सकाळी नटांचा डबा जागेवर नव्हता. मला वाटलं, लावून झाले. आधी चिडतेस, मागून गुपचूप काम करतेस. तुझं नेहमीचंच.

मुलगी : डबा मी घेऊन गेले होते. तुझं काम अडावं म्हणून.

मॅडम : मी जरा पलीकडचं घर बघून येते.

मुलगी : थांबा ना. काय लिहिणार?

मॅडम : दोन. नुसतं ठेवलेलं घर न्यायला तेवढा वारा पुरतो.

मुलगी : म्हणजे माझ्यामुळे वारा लहान झाला? मला काही कळतच नाहीये. वारा तर होता तेवढाच होता ना?

मॅडम : किती होता, ते मलाही माहीत नाही गं.

मुलगी : बाबा, मावशीला मी सांगणार.

बाबा : बघू.

मुलगी : बघू काय? मी सांगणार.

बाबा : डबा कुठंय तो?

मुलगी : आपल्या माळ्यावर. भरलेला, तसाच.

बाबा : अर्धा असेल.

मुलगी : काठोकाठ आहे. का?

बाबा : त्यातले अर्धे आपल्या मागच्या खोलीला लावायचे होते.

मुलगी : ती तर तू एकट्याने बांधलीस.

बाबा : भिंती मी उभ्या केल्या. नट लावायला तुला सांगितलं होतं.

मुलगी : ताई झोपते तिथे. बाळाला घेऊन.

बाबा : पाना घे. आणि पटाशी पण घे, बोल्टपर्यंत पोचायला आतली फळी काढावी लागेल.