शेजारच्या दीदीकडची चावी

आमच्या भाऊजींनी नवा लॅपटॉप आणला, तेव्हाची त्यांची ऐट तुम्ही पाहायले पाहिजे होती. ताईले समजावून राहिले होते, "सीडी-बिडीचा झंझटच नाही. बिघडला तर सिस्टम परत टाकायची सोय हार्ड डिस्कमध्येच हाय. कंपनीचा खर्च वाचते, आपली सीडी हरवत नाही."

त्यांच्या पोट्टीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या दिवशी हार्ड डिस्कच मेली. भाऊजींनी कंपनीले फोन लावला. तिकडून मॅडम म्हणे, "सर, रिकव्हरी हार्ड डिस्क में ही है."

"अरे, वही तो मर गई!"

पोट्टीनं मोबाइलवर इंटरव्ह्यू दिला.

ताई कणीक मळता मळता म्हणाली, "आपल्या घराची दुसरी चावी मी शेजारच्या दीदीकडे ठेवते. घरातच ठेवून कुलूप लावलं असतं, तर त्या कंपनीत मले नोकरी लागली असती."