पडणारी भिंत

...आणि डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चाला म्हणून सांगितलं होतं, डबे शोधा म्हणून नव्हे! पण आमच्या हिला नुसतं चालणं पटत नाही, चालण्यालाही हेतू हवा, मग तिने मोबाइलवर तो खेळ शोधला, म्हणजे तुम्हाला सांगतो, कोणीतरी रिकामटेकडा कुठेतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश देतो, आणि दुसऱ्या रिकामटेकड्याने तो हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. बक्षीस काय? काही नाही. मी म्हटलं, "मग कशाला?" तर म्हणते, "अहो, तुम्ही पीएच.डी. कशाला केलीत?"

तर त्या रविवारी मोबाइलवरचा बाण नदीकाठच्या जुन्या गिरणीकडे वळला आणि मी हिला म्हटलं, आज दुसरा डबा शोधू. ती गिरणी मी बंद पाडली होती. म्हणजे मी नाही, माझ्या अहवालाने... इमारतींची दुखणी तपासणं हा माझा धंदा, आणि एकतीस वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं की नदीकडची भिंत अंदाजे दोन वर्षांत पडेल. अंदाजे. हा शब्द होता हो त्यात, प्रत आहे माझ्याकडे. पण टाळं लावणारा 'अंदाजे' कशाला वाचेल? सहाशे माणसं घरी बसली.

आणि भिंत? छप्पर गेलं, जिना गेला, धुराडं गेलं, खिडक्यांतून झाडं डोकावताहेत, आणि ती एकटी उभी. माझ्याकडे बघत.

पाण्याशी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. न विचारताच म्हणाला, "डबा ना? पडणाऱ्या भिंतीत बघा, उजवीकडून तिसरं भोक."

ही म्हणाली, "पडणारी कुठे? चांगली उभी आहे की."

"नावच आहे वहिनी तिचं. कोणा शिकलेल्या साहेबाने ठेवलंय. मी इथे सूतकताईत होतो, डबा मीच लपवलाय." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय करायचात?"

"शिकवायचो," मी म्हणालो. खोटं नाही, शिकवलं होतं दोन वर्षं. अंदाजे.

ही तिसऱ्या भोकातून डबा काढून घेऊन आली. डब्यात वही, वहीत नाव, तारीख, शेरा, आणि शेरा प्रत्येकाचा एकच... भिंत उभी आहे. भिंत उभी आहे. पानंच्या पानं! हिने पेन माझ्या हातात दिलं. "खरं लिहा," म्हणाली.

तुम्ही काय लिहिलं असतं? मी लिहिलं, अहवाल माझा होता. खाली पूर्ण नाव. आणि त्याखाली, आजवर हिलाही न सांगितलेलं... त्या दिवशी मी टेप घरी विसरलो होतो, भिंतीचा कल बोटांनी मोजला, तीन बोटं, आणि कागदावर मिलिमीटर लिहिले.

वही म्हाताऱ्याकडे दिली. त्याने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचली. वाटलं, आता हा मला नदीत ढकलणार, आणि ढकलावंच. तर त्याने गळाची काठी वरच्या खिडकीच्या कडेला टेकवली, दोरा खाली सोडला, टोकाला शिसं, म्हणजे ओळंबाच की, आणि म्हणाला, "मोजा."

"कशाला आता?"

"मी दर रविवारी इथे काय माशांसाठी येतो, साहेब? एकदा पडू दे ती. आम्ही उगाच घरी बसलो नाही, एवढं तरी होईल."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो... मी दोरा आणि भिंतीच्या मधल्या फटीत बोटं लावली. साडेतीन भरली.

"सरकली?" त्याचा आवाज एवढासा झाला.

"सरकतेय."

"अजून किती?"

"दोन वर्षं," मी म्हणालो. "अंदाजे."

आता दर रविवारी ही डबे शोधत पुढे जाते आणि आम्ही दोघं भिंतीची वाट बघत बसतो. लांब बसतो, मी त्याला जवळ फिरकू देत नाही. माझ्या खिशात टेप असतो, पण काढत नाही. एकतीस वर्षांत माझी बोटंच बारीक झालीत, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?