चार इंची भिंत

(धुळ्यात आग्रा रोडवरचं टीव्ही-स्पीकरचं दुकान. दुपारची वेळ. गिऱ्हाईक दोघंच : देवपुरात पिठाची गिरणी चालवणारे पंडित आणि त्यांची बायको लताबाई. दुकानदार नूर महंमद.)

पंडित : अजून वाढवा.

नूर महंमद : पंडितभाऊ, काउंटरची काच थरथरायला लागली. आता वाढवला तर बाजूचा चष्मेवाला भांडायला येईल.

पंडित : येऊ द्या. शेजाऱ्याला त्रास होतो की नाही, तेच तर बघायचंय.

लताबाई : आयका! लोक आवाज गोड आहे का ते बघतात, आमच्याकडे त्रास किती देतो ते बघतात.

पंडित : तू गप्प बस. नूरभाई, हा जमिनीवरचा मोठा डबा, यालाच वूफर म्हणतात ना? याच्यापेक्षा दांडगा नाही का?

नूर महंमद : आहे ना. पण आधी मला सांगा, बघता काय? क्रिकेट, पिक्चर, बातम्या?

पंडित : सगळं बघतो.

लताबाई : काही बघत नाहीत. चॅनल बदलत बसतात. संध्याकाळी गिरणी बंद करून आले की हात धुवायच्या आधी रिमोट. पाच मिनिटं एका जागी बसतील तर शपथ. उठतात, खिडकी लावतात, पुन्हा उघडतात, पुन्हा बसतात. मांजरीच्या पायाला चटका बसल्यासारखं चाललेलं असतं.

पंडित : ते त्यांना कशाला सांगते? नूरभाई, तो बघा, त्या खोक्यावर दहा हजार वॅट लिहिलंय. तो काढा.

नूर महंमद : भाऊ, खोक्यावर काय, काहीही छापतात. खरोखर दहा हजार वॅट असते तर तुमच्या घरचं मीटर जळून गेलं असतं. मी तो विकतो, खोटं कशाला बोलू, पण ओळखीच्या माणसाला देत नाही. माझ्या घरचं दळण तुमच्याकडे येतं.

पंडित : लावून तर दाखवा.

नूर महंमद : घ्या. लावला.

पंडित : हं. बंद करा. याचं डाव्या अंगाचं लाकूड पोकळ आहे. आत खिळा सैल आहे, नाहीतर जोड सुटलाय. जात्याचा दगड ढिला झाला की असाच आवाज येतो.

नूर महंमद : माशाअल्ला! कान आहे की काय आहे? बावीस वर्षं झाली मला या धंद्यात, मला नाही कळलं.

लताबाई : कानाचं विचारूच नका, भाऊ. गहू ओला आहे की सुका, ते दळणाच्या आवाजावरून सांगतात. बठ्ठं ऐकू येतं यांना. फक्त बायकोचं सोडून.

पंडित : झालं तुझं? पहिलावालाच बरा होता. पाच स्पीकर आणि तो डबा. बावीस हजारांपर्यंत बसतो ना? बसतो. मग बांधा.

नूर महंमद : बसतो बावीसात. पण खोली केवढी?

पंडित : दहा बाय बारा.

नूर महंमद : दहा बाय बारात पाच स्पीकर म्हणजे रिक्षात दहा माणसं, भाऊ. बसतील, पण मजा कोणालाच नाही. त्यापेक्षा असं करा, टीव्हीखाली लावायची लांब पट्टी घ्या. साउंडबार. बोलणं एकदम साफ ऐकू येतं. पैसे वाचतील ते वेगळे.

पंडित : त्याला वूफर असतो?

नूर महंमद : काहींना असतो, छोटा. या पट्टीला नाही.

पंडित : मग नको. मला वूफरच पाहिजे. दोन स्पीकर पुढे, दोन मागे. मागच्यातला एक टांगायला छताला लोखंडी कडी आहे माझ्याकडे.

लताबाई : कोणती कडी?

पंडित : आहे ती. कोणती म्हणजे?

लताबाई : झोक्याची कडी म्हणा की सरळ. भाऊ, आमच्या मधल्या खोलीत दोन कड्या होत्या. आखाजीच्या सणाला झोका बांधायचा आमच्या पुतणीचा, भाविकाचा. ती दोन वर्षांची होती तेव्हापासून हे स्वतः दोर आणायचे बाजारातून. आता एक कडी आमच्याकडे, एक तिकडे. मधून भिंत गेली.

पंडित : वाटणी झाली, भिंत येणारच. जगात काय आमच्याच घरात आली का?

नूर महंमद : एक मिनिट, भाऊ. ही भिंत कोणती? वूफर तिच्याजवळ ठेवणार का? कारण भिंतीला लागून ठेवला की हा दुप्पट घुमतो.

पंडित : दुप्पट? मग तिथेच ठेवायचा. अगदी चिकटवून.

नूर महंमद : भिंत किती जाडीची?

लताबाई : चार इंची.

नूर महंमद : चारच? दोन घरांच्या मध्ये? नऊ इंची घालायची होती ना.

लताबाई : गवंडीही तेच म्हणत होता. पण दोघं भाऊ टेप घेऊन उभे! नऊ इंची घातली तर याची अडीच इंच जागा जास्त जाते, त्याची अडीच इंच जास्त जाते. कोणी सोडायला तयार नाही. शेवटी काय, पापडासारखी भिंत. इकडे फोडणी टाकली की तिकडे ठसका लागतो.

पंडित : मी का सोडू? त्यानं सोडली असती.

नूर महंमद : भाऊ, मग मी हात जोडून सांगतो, हा डबा तिथे नका ठेवू. पलीकडच्याची झोप हराम होईल. पलीकडे कोण असतं?

पंडित : रुपचंद. माझा धाकटा भाऊ. होऊ द्या हराम. माझी दहा महिने झालीय.

लताबाई : रुपचंदभाऊजी दसऱ्यापासून पुढच्या खोलीत झोपतात. भिंतीपलीकडे आता भाविकाचं टेबल आहे. बारावीला आहे ती. पुढच्या महिन्यात पेपर.

पंडित : तुला कोणी सांगितलं?

लताबाई : दिपमालाने. गच्चीवर. आम्ही दोघी जावा रोज बोलतो.

पंडित : चोरून?

लताबाई : चोरून कशाला? जमीन वाटली तुम्ही, ऊनसुद्धा वाटून घेतलं का? मिरच्या वाळत घालायला ती येते, मीही जाते. तोंड आहे, बोलतो.

पंडित : वा रे वा! त्या माणसानं भर अंगणात गवंड्यासमोर म्हटलं, "तुम्हा दोघांना एवढी जागा काय करायची? मागे कोण आहे तुमच्या?" आणि तू त्याच्या बायकोबरोबर मिरच्या वाळव!

लताबाई : मी तिथेच उभी होते. माझ्याही कानांनी ऐकलं ते. पोटचं पोर नाही हे दुःख काय एकट्या तुमच्या वाट्याला आलंय? मी रात्रभर रडले, तुम्ही कूस बदलून पडला होतात. पण बोलले ते रुपचंदभाऊजी. पोर बोलली का? आखाजीला सांजोऱ्यांचं ताट घेऊन ती दारात आली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

पंडित : सोड ना आता.

लताबाई : नही, सांगू द्या. "ज्या घरात तळल्या तिथंच खा" म्हणालात. सतरा वर्षांची पोर. ओट्यावर ताट ठेवून गेली. त्याला मुंग्या लागल्या, पण तुम्ही हात लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही.

नूर महंमद : भाभी, चहा सांगू का? भाऊ, बसा ना. उभे किती वेळ राहणार?

पंडित : चहा नको. बिल करा. ती पट्टी-बिट्टी नको. मोठा डबाच द्या.

लताबाई : त्या पोरीच्या डोक्यात दणके घालणार? पेपराच्या तोंडावर? रुपचंदवरचा राग तिच्यावर काढणार? अहो, तिकडे रुपचंद नाहीच! भाविका आहे!

पंडित : माहीत आहे मला.

लताबाई : काय माहीत आहे?

पंडित : ती असते ते माहीत आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. मी बहिरा आहे का? सात वाजले की सुरू होते. मोठमोठ्यानं वाचते. पेशी, ऊती, काय काय. रोज एक तास. परवा हृदयाचा धडा होता, त्यातली एक ओळ दोनदा गाळली तिनं. मध्येच खोकते. घसा बसलाय पोरीचा, आल्याचा रस द्यावा कोणी तर तेही नाही.

लताबाई : अगं बाई. मग मला बोलला नाहीत ते?

पंडित : काय बोलू? मला ऐकवत नाही लते ते. टीव्ही लावला तरी मधून मधून येतंच. आवाज वाढवला तरी येतं. गिरणीत दिवसभर एवढा खडखडाट, त्यात माणूस स्वतःला विसरतो. घरी आलो की ती भिंत. आणि भिंतीतून ती. स्वतःच्या तोंडानं तिला हाकललं मी. आता कुठल्या तोंडानं हाक मारू? म्हणून म्हटलं, मोठा डबा आणावा. रुपचंदला ऐकू जाण्यासाठी नाही. मला काही ऐकू येऊ नये म्हणून.

नूर महंमद : या अल्ला.

लताबाई : तुम्ही बसा आधी. बसा त्या स्टुलावर. आता मी सांगते ते ऐका, आणि मध्ये बोलू नका. भाविका मनात वाचणारी पोर आहे. दिपमाला सांगते, दिवसभर तोंडातून शब्द नाही. फक्त सात वाजता. तुमची चप्पल ओट्यावर वाजली की मोठ्यानं वाचायला घेते.

पंडित : अभ्यास पाठ करत असेल.

लताबाई : ती खोली तिनं मागून घेतली. बाप नाही म्हणत होता, तिथे उजेड कमी म्हणून. भांडून घेतली. आठवतं का, तिसरी-चौथीत गिरणीत पोत्यावर बसायची ती? पट्टा चालू असायचा आणि तुम्ही तिला काय सांगायचात?

पंडित : ...मोठ्यानं वाच म्हणायचो. मला ऐकू आलं पाहिजे म्हणायचो.

लताबाई : मग? तेच करते ना ती. तुमनाकरता वाचस ती. गच्चीवर मला एकदाच विचारलं तिनं, "काकू, काकांना ऐकू जातं का गं?" मी काय सांगणार? म्हटलं, बाई, ते टीव्हीचा आवाज वाढवतात. तर म्हणाली, "मग मी अजून जोरात वाचते." घसा उगाच बसला का तिचा?

पंडित : तू मला हे आधी का नाही सांगितलं?

लताबाई : तिनं शपथ घातली होती. आज मोडली. काय व्हायचं ते होऊ दे.

नूर महंमद : भाऊ, पाणी घ्या. घ्या ना.

पंडित : पीठ गेलं डोळ्यात. सकाळपासून चुरचुरतंय.

लताबाई : हो, हो. पीठच.

नूर महंमद : भाऊ, एक सांगू? आज काहीच घेऊ नका. घरी जा. दुकान काय पळून चाललंय?

पंडित : नाही. रिकाम्या हातानं गेलो तर उद्या पुन्हा तेच. ती पट्टी दाखवा.

नूर महंमद : साउंडबार? ही बघा. वूफर नाही, आधीच सांगतो. मोठा आवाज करून खोली हलणार नाही. पण हळू ठेवला तरी शब्द न् शब्द कळतो.

पंडित : पलीकडे जाईल?

नूर महंमद : चार इंची भिंत म्हणजे थोडा तर जाणार. टीव्ही चालू आहे एवढं कळेल पलीकडे.

पंडित : आणि बंद केला तर?

नूर महंमद : तर बंद झाला हेही कळेल. त्यात काय?

लताबाई : अहो, काय विचारताय काय?

पंडित : थांब ना तू. नूरभाई, टीव्ही चालूच ठेवायचा आणि आवाज तेवढा एकदम बंद करायचा, असं बटण असतं ना याच्या रिमोटला?

नूर महंमद : असतं ना. हे काय, कोपऱ्यातलं. एकदा दाबलं की गप्प. पुन्हा दाबलं की सुरू.

पंडित : जरा दाबून दाखवा.

नूर महंमद : हे बघा. झाला गप्प.

पंडित : हं. बांधा हीच. आणि त्या बटणावर पेनानं एक खूण करून द्या, अंधारातही सापडलं पाहिजे.

नूर महंमद : एवढं काय घाईचं काम असतं, भाऊ, त्या बटणाचं?

पंडित : सात वाजता लागेल मला ते. रोज.